छत्तीस तासांच्या आधीचे शंभर दिवस

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांना वक्तृत्वस्पर्धा, एकांकिका आणि क्रिकेटचे सामने नवे नाहीत. अलीकडे त्यांच्या जोडीला 'हॅकेथॉन' नावाची आणखी एक स्पर्धा येऊन बसली आहे. एका सभागृहात पाच-सहा विद्यार्थ्यांची पथके लॅपटॉप मांडून बसतात. त्यांना एखादा व्यावहारिक प्रश्न दिला जातो आणि सलग चोवीस किंवा छत्तीस तास जागून त्यांनी त्याचे संगणकीय उत्तर उभे करावयाचे असते. पहाटे तीनच्या सुमारास चहाची किटली फिरू लागते, कोणी बाकावरच डोके टेकवतो, कोणी भिंतीवरील प्लगसाठी हुज्जत घालतो, आणि कोणत्या पथकाच्या यंत्राने किती उत्तरे बरोबर दिली याचा तक्ता समोरच्या पडद्यावर घटकेघटकेला बदलत असतो. केंद्र शासनाने २०१७ मध्ये 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' सुरू केल्यापासून या प्रकाराला राजमान्यता लाभली. सहा जणांचे पथक, त्यात निदान एक विद्यार्थिनी, मंत्रालयांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी दिलेले प्रश्न आणि अंतिम फेरीचे सलग छत्तीस तास, असे त्याचे स्वरूप.

या स्पर्धांत भाग घेणे चांगले की वाईट, असा वाद घालण्याचे कारण नाही. चांगलेच आहे. आटपाडीच्या किंवा पाटणच्या एखाद्या मुलाला मुंबई-पुण्याच्या मुलांशेजारी बसून, परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देऊन, आपण त्यांच्याहून उणे नाही हे एका रात्रीत उमगते. वर्गातील चार वर्षांनीही ते नेहमी साधतेच असे नाही. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासूनचे, कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे, साताऱ्यात आणि राजारामनगरला १९८३ मध्ये महाविद्यालये निघाली. तेव्हा अभियंते घडविण्याचे काम या कृष्णाकाठाला नवे नाही. प्रश्न आहे तो ही मुले त्या छत्तीस तासांत सोबत काय घेऊन बसतात याचा.

'हॅकेथॉन' या जोडशब्दातील 'मॅरेथॉन'चा भाग सातारकरांना समजावून सांगावयास नको. यवतेश्वराच्या घाटातून धावणारी त्यांची शर्यत आता दूरवर ठाऊक झाली आहे. त्या शर्यतीच्या दिवशी जो घाट पहिल्यांदाच पाहतो, त्याची गत काय होते हेही ते जाणतात. संगणकाच्या शर्यतीत मात्र घाट पहिल्यांदा पाहणारेच पुष्कळ असतात, आणि तरीही त्यांच्या गळ्यात पदके पडतात. हे कसे घडते ते पाहण्याजोगे आहे.

आधी 'डीप लर्निंग' म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. पूर्वीचा संगणकतज्ज्ञ यंत्राला नियम लिहून देत असे: अमुक असेल तर तमुक कर. या नव्या पद्धतीत नियम लिहून देत नाहीत. हजारो उदाहरणे आणि त्यांची उत्तरे यंत्रापुढे ठेवतात, आणि यंत्र आपल्या पोटातील लक्षावधी आकडे थोडेथोडे हलवीत उत्तरांच्या जवळ येत जाते. मग त्याला न दाखविलेली काही उदाहरणे देऊन त्याची परीक्षा घेतात. या उदाहरणांच्या साठ्याला इंग्रजीत 'डेटा' म्हणतात. मराठीत 'विदा' हा शब्द रूढ होऊ पाहत आहे. शब्द सुटसुटीत आहे, परंतु आपल्या कचेऱ्यांतून दीडशे वर्षे वापरात असलेला 'नोंद' हा शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. नोंद म्हटली की ती कोणी केली, केव्हा केली आणि कशावरून केली, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. 'डेटा' म्हटला की तो जणू आकाशातून पडतो.

आता आपल्याकडील पथकांच्या आवडीचा एक विषय घेऊ: पानाच्या छायाचित्रावरून पिकाचा रोग ओळखणे. तासगाव, मिरज, पलूस या द्राक्षाच्या पट्ट्यातील मुलांना हा विषय सुचणे अगदी स्वाभाविक आहे. त्यांच्या घरचेच ते दुखणे असते. परंतु स्पर्धा सुरू झाली की छायाचित्रे हवीत, आणि तीही तासाभरात. अशा वेळी हात वळतो तो 'प्लँटव्हिलेज' नावाच्या, सर्वांना मोफत उपलब्ध असलेल्या अमेरिकी संग्रहाकडे. त्यात चौदा पिकांच्या पानांची ५४,३०६ छायाचित्रे आहेत. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूज आणि सलाथे या तिघा संशोधकांनी त्यावर यंत्राला शिकवले, तेव्हा बाजूला राखून ठेवलेल्या छायाचित्रांवर त्याने ९९.३५ टक्के उत्तरे अचूक दिली. हा आकडा जगभर गाजला. त्याच निबंधातील दुसरा आकडा तितका गाजला नाही. निराळ्या परिस्थितीत टिपलेली, इतर ठिकाणांहून मिळविलेली छायाचित्रे त्याच यंत्रापुढे ठेवली, तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली. संशोधकांनी हे स्वतःच प्रांजळपणे नोंदवून ठेवले आहे.

असे का झाले, ते संग्रहाची रीत पाहिली की कळते. ती पाने झाडावरून खुडून, राखाडी किंवा काळ्या कागदावर ठेवून टिपलेली आहेत. एकाच पानाची वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेली अनेक छायाचित्रेही त्यात आहेत. निष्काळजीपणे वाटणी केली तर एकच पान शिकवणीतही येते आणि परीक्षेतही. २०२२ मध्ये नोयान नावाच्या संशोधकाने याहूनही मासलेवाईक प्रयोग केला. त्याने यंत्राला पान दाखविलेच नाही. प्रत्येक छायाचित्राच्या पार्श्वभूमीतील केवळ आठ ठिपके दाखविले. संग्रहात पीक-रोगांचे ३८ वर्ग आहेत, म्हणजे डोळे मिटून उत्तर दिले तर शंभरात अडीच-तीन बरोबर यावयाचे. या यंत्राची ४९ टक्के उत्तरे बरोबर आली. ज्या कागदावर पान ठेवले होते, त्या कागदावरूनच यंत्र निम्म्या वेळा रोग ओळखत होते!

द्राक्षापुरते बोलायचे तर गोष्ट याहूनही पुढची आहे. या संग्रहात द्राक्षाच्या पानांची ४,०६२ छायाचित्रे आहेत आणि त्यांचे चार वर्ग आहेत: काळी कूज, एस्का नावाचा रोग, पानांवरील करप्याचा एक प्रकार आणि निरोगी पान. त्यांत केवडा नाही. भुरीही नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला, आभाळ दाटून राहिले, की ज्या दोन नावांनी तासगावच्या बागायतदाराची झोप उडते, ती दोन्ही नावे त्या यंत्राने कधी ऐकलेलीच नाहीत. त्याला केवड्याचे पान दाखवले तर तो आपल्या चार उत्तरांपैकी एक उत्तर बेधडक देणार, आणि कदाचित 'निरोगी' असेही म्हणणार. हळद आणि ऊस यांचा तर त्या संग्रहात मागमूस नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला स्थान आहे, पण एकाच रोगापुरते.

आणि केवडा ओळखतात कसा? पानाच्या वरच्या बाजूस पिवळसर, तेलकट डाग दिसला की जाणता बागायतदार पहिली गोष्ट करतो ती पान उलटण्याची. खाली पांढरट बुरशी दिसली की त्याची खात्री पटते. फवारणी आज करावयाची की उद्या, हा निर्णय त्या एका हालचालीवर ठरतो. परीक्षकांसमोर मांडलेल्या यंत्रांपैकी पानाची दुसरी बाजू मागणारे यंत्र क्वचितच आढळेल, कारण संग्रहात पानाला दोन बाजू असल्याची निराळी नोंदच नाही.

या चुकांची किंमत सारखी नसते, हेही स्पर्धेच्या तक्त्यावर दिसत नाही. रोगट पानाला निरोगी म्हटले तर घड हातचे जातात. निरोगी पानाला रोगट म्हटले तर अकारण फवारणी होते. खर्च वाढतो आणि औषधाचा अंश फळात उतरतो. रसायनाच्या अंशापायी निर्यातीच्या मालाचे काय होते, हे महाराष्ट्रातील बागायतदारांनी २०१० मध्ये अनुभवले आहे. क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशावरून त्या वर्षी युरोपात आपली द्राक्षे नाकारली गेली होती. बागेत ज्या दोन चुकांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत लिहावे लागतात, त्यांची बेरीज करून स्पर्धेत एकच टक्केवारी काढली जाते.

येथे कोणी म्हणेल, की ही विद्यार्थ्यांची स्पर्धा आहे, तिच्याकडून एवढी अपेक्षा कशाला? म्हणणे काही अंशी खरे आहे. परंतु स्पर्धेतील या यंत्रांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी 'शेतकऱ्यांसाठी क्रांतिकारी संशोधन' अशा मथळ्याखाली छापून येतात; त्यांतूनच पुढे व्यवसाय काढण्याचे बेत होतात. राज्य शासनाने जून २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र धोरण मंजूर करून ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली आहे. अशा वेळी हा खेळ बागेच्या बांधापर्यंत पोचायला उशीर लागणार नाही.

मुळात या शास्त्राची प्रगती ज्या स्पर्धेने घडवली, तिचा इतिहास आपल्या मुलांना अर्धाच सांगितला जातो. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या तिघांनी 'इमेजनेट' स्पर्धेत चुकांचे प्रमाण सव्वीस टक्क्यांवरून पंधरा टक्क्यांवर आणले आणि डीप लर्निंगचे युग सुरू झाले, ही कथा सर्वांना पाठ आहे. त्यांतील विद्यार्थ्याने हे काम आई-वडिलांच्या घरातील खोलीत, खेळांसाठी बनविलेली दोन चित्रकार्डे संगणकात बसवून केले, हाही तपशील रंगवून सांगतात. परंतु ती स्पर्धा मुळात उभी राहिली कशावर? फेई-फेई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खपून सुमारे दीड कोटी छायाचित्रे जमवली होती आणि १६७ देशांतील जवळजवळ पन्नास हजार माणसांनी एकेका छायाचित्रावर त्याचे नाव लिहिले होते. ती पन्नास हजार माणसे कोण होती? कारकून, असेच म्हणावे लागेल. चित्र पाहावयाचे, नाव लिहावयाचे, पुढचे चित्र घ्यावयाचे. हे काम चालू असताना त्याकडे फारशा कौतुकाने कोणी पाहत नव्हते.

या बाबतीत आपल्याला सातासमुद्रापलीकडे जाण्याचीही गरज नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली एक मुलगा जन्मला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे त्याचे नाव. नमुना-पाहणीच्या शास्त्रातील जगन्मान्य नावांपैकी हे एक. संख्याशास्त्राच्या पदवीधरांखेरीज ते आज किती जणांना ठाऊक असेल, अशी शंका येते. १९४० च्या दशकात देशातील पिकांचा अंदाज कसा काढावा, हा प्रश्न उपासमारीशी जोडलेला होता. शेतातील एक लहानसा तुकडा आखावयाचा, त्यातील पीक कापून तोलावयाचे आणि त्यावरून साऱ्या मुलखाचा अंदाज बांधावयाचा, ही रीत. प्रा. महालनोबिस यांचा कल अगदी लहान तुकड्यांकडे होता, कारण त्यांत वेळ आणि पैसा वाचतो. सुखात्मे यांनी प्रत्यक्ष कापण्या करून दाखविले, की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न नेहमी फुगूनच दिसते. १९४६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी हे मांडले. कारण अगदी साधे होते. सीमारेषेवरचे रोप आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात नकळत ते आत घेतो. आणि तुकडा जितका लहान, तितका त्याच्या कडेचा वाटा मोठा. गणित निर्दोष होते, दोष विळा धरणाऱ्या हातात होता. तो शोधण्यासाठी सुखात्मे यांना शेतात उतरावे लागले.

याच वादातील दुसरी बाजूही आजच्या विषयाशी निगडित आहे. महालनोबिस यांना या कामासाठी खास शिकविलेले स्वतंत्र पाहणीदार हवे होते. सुखात्मे यांचे म्हणणे असे, की महसूल आणि शेतकी खात्यांतील नेहमीच्याच कर्मचाऱ्यांना नीट पद्धत शिकवावी आणि त्यांच्याकडूनच हे काम करवून घ्यावे. दोन्ही बाजूंना सबळ युक्तिवाद होते आणि त्यांचा निवाडा येथे करण्याचे प्रयोजन नाही. परंतु आज आपल्याकडे पीक कापणी प्रयोग करणारी, पर्जन्यमापकाचे पाणी मोजून नोंदवहीत आकडा लिहिणारी जी माणसे आहेत, त्यांच्या हस्ताक्षरावरच उद्याचे यंत्र शिकणार आहे. तो आकडा एखाद्या सकाळी न पाहताच लिहिला गेला, तर कोणतेही डीप लर्निंग त्याला खरा करू शकत नाही.

पावसाचा विषय निघालाच आहे, तर महापुराचेही पाहू. कारण सांगलीच्या पथकांचा हा दुसरा आवडता विषय. पावसाळ्यात दररोज सकाळी आपण वर्तमानपत्रात कोयना, नवजा आणि महाबळेश्वर येथील पाऊस पाहतो, मग धरणाचा साठा आणि शेवटी आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट आहे ते. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती पातळी साडेसत्तावन्न फुटांवर गेली होती. हे आकडे यंत्राला देऊन उद्याची पातळी सांगता येईल का, असा प्रश्न स्पर्धेत मांडला जातो आणि ९९ टक्के अचूकतेची यंत्रे तयार होतात. या टक्केवारीची गंमत पाहा. समजा, दहा पावसाळ्यांचे मिळून १,२२० दिवस आहेत आणि त्यांपैकी बारा दिवस पाणी धोक्याच्या वर होते. आता जे यंत्र दररोज डोळे झाकून 'पूर येणार नाही' एवढेच सांगेल, तेही १,२०८ दिवशी खरे ठरते, म्हणजे ९९ टक्के अचूक. चुकेल ते फक्त बारा दिवशी, आणि नेमके त्याच दिवशी त्याची गरज असते.

यंत्राला महापूर शिकवावयाचा, तर २००५, २०१९, २०२१ अशी मोजकीच उदाहरणे हाताशी आहेत. शिवाय नवजाचा पाऊस आणि आयर्विनची पातळी यांच्या मध्ये १०५ टीएमसीचे कोयना धरण आहे, आणि त्याचे दरवाजे केव्हा व किती उघडावयाचे हा माणसांचा निर्णय असतो. तो दर वर्षी त्याच रीतीने होईल असे नाही. कराडच्या प्रीतिसंगमावर दोन नद्या भेटतात, पुढे हरिपूरला वारणा येऊन मिळते. तिचा आकडा किती पथके घेतात? २०१९ मध्ये कोणत्या गल्लीत पाणी किती वाजता शिरले, कोणत्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत चढले, हे सांगलीवाडीच्या आणि गावभागाच्या घराघरांत अजून लोकांना स्मरते. काहींनी भिंतीवर खुणाही करून ठेवल्या आहेत. त्या खुणांची उंची मोजून एका तक्त्यात मांडणे, हे एखाद्या शाळेच्या भूगोलशिक्षकाला दोन रविवारांत करवून घेता येईल. हैदराबादच्या किंवा बंगळुरूच्या पथकाकडे जगातील सर्वांत महागडे यंत्र असले तरी हा तक्ता त्याच्याजवळ असणार नाही.

आता पुन्हा द्राक्षाच्या बागेकडे. सहा जणांच्या पथकाने ऑक्टोबर छाटणीनंतर रोज प्रत्येकी वीस पानांची छायाचित्रे घेतली, वरून एक आणि पान उलटून एक, तर दिवसाला २४० होतात. शंभर दिवसांत २४,०००. अमेरिकी संग्रहातील द्राक्षाच्या छायाचित्रांच्या जवळजवळ सहापट. त्यासाठी खिशातला फोन पुरतो. पान खुडावयाचे नाही, कागद ठेवावयाचा नाही. वेलीवर, उन्हात, सावलीत, औषधाचे पांढरे डाग पडलेले असताना जसे दिसेल तसे टिपावयाचे. सोबत तारीख, गाव, वाण, आदल्या दिवशीचा पाऊस आणि शेवटची फवारणी यांची नोंद वहीत करावयाची. तास-ए-गणेशसारखे वाण याच तालुक्यातील बागायतदारांच्या नजरेतून निवडले गेले, ते असेच वेलीसमोर उभे राहून. रोगाचे नाव मात्र मुलांनी आपल्या मनाने लिहू नये. एकाच पानाला दोन जाणत्या माणसांनी स्वतंत्रपणे नाव द्यावे आणि जेथे दोघांचे जुळत नाही तेथे तिसऱ्याला, कृषी महाविद्यालयातील रोगशास्त्राच्या शिक्षकाला विचारावे. अशी न जुळणारी पाने किती निघतात, हा आकडाच पुष्कळ शिकवून जाईल.

स्पर्धा भरविणाऱ्यांनीही एक बदल करावा. परीक्षेची छायाचित्रे त्याच पेटीतून न काढता दोन गावांच्या बागा संपूर्णपणे कुलूपबंद ठेवाव्यात. शिकवणी तासगावच्या पानांवर, तर परीक्षा कवठेमहांकाळच्या. मग ९९ चे किती होतात ते पडद्यावर दिसेल. पहिल्या वर्षी हे आकडे फार लाजिरवाणे असतील आणि प्रायोजकांना ते आवडणार नाहीत. महाविद्यालयांनी या शंभर दिवसांच्या वहीला अंतर्गत गुण द्यावेत, नाही तर परीक्षेच्या धास्तीने तिसऱ्या आठवड्यातच वही बंद पडेल. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, ज्याला गुण नाहीत ते काम आपण शिक्षकांनी तरी आजवर किती केले आहे?

डिसेंबरातील स्पर्धेला ही वही पुरी होणार नाही. ती पुढच्या वर्षीच्या पथकाच्या हाती द्यावी लागेल, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी लिहावयाची आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी वापरावयाची. छाटणीच्या तारखा बागेगणिक वेगवेगळ्या असतात, तेव्हा मुहूर्ताचीही अडचण नाही. दसऱ्यानंतरच्या कोणत्याही सोमवारी आरंभ करता येईल.